राजघराणं कसं उभारावं: लिउ बांगची हान कृती

छिन साम्राज्य कोसळलं तेव्हा सात-आठ वर्षांत वीसहून अधिक माणसांनी स्वतःला राजा म्हणवून घेतलं. त्यातलं एकच घराणं टिकलं. मधला काही वर्षांचा खंड धरला तरी हान घराणं चारशे वर्षं चाललं. त्याचा संस्थापक लिउ बांग हा पेई तालुक्यातल्या एका चौकीचा अंमलदार होता. त्याला घराण्याचा वारसा नव्हता, पैसा नव्हता, आणि लढाईत तो प्रतिस्पर्धी श्यांग यूपुढे वारंवार हरला. तरीही राज्य त्याच्याकडे आलं. कुठल्या क्रमाने काय केल्यामुळे आलं, ते खाली दिलं आहे. सगळी वर्षं इसवी सनापूर्वीची आहेत. जिथे तसं नाही तिथे वेगळं सांगितलं आहे. तुलनेसाठी लक्षात ठेवा: त्या काळात भारतात मौर्यांचं राज्य खिळखिळं होत असलं तरी अजून उभं होतं.

वाचायला बसण्यापूर्वी एक तांत्रिक सूचना. छिनचं वर्ष दहाव्या महिन्याने सुरू व्हायचं आणि हानने तेच पंचांग शंभर वर्षं चालू ठेवलं. म्हणजे जुन्या नोंदींत 'पहिल्या वर्षाचा दहावा महिना' हा 'पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्या'च्या आधी येतो. छिनच्या शेवटच्या राजाची शरणागती 207 ची की 206 ची, असे वाद बहुतेक वेळा यातूनच निघतात. तारखा लावताना महिने 10, 11, 12, 1 आणि पुढे 9 पर्यंत असे मांडून घ्या, म्हणजे निम्मा गोंधळ संपतो.

आधी दुसऱ्याला उठू द्या

छिनने 221 मध्ये सगळी राज्यं जिंकून एक साम्राज्य केलं. 210 मध्ये पहिला सम्राट दौऱ्यावर असताना वारला. दरबारी झाओ गाओ आणि महामंत्री ली स या दोघांनी त्याचं आज्ञापत्र बदललं, थोरल्या मुलाला आत्महत्या करायला लावली आणि धाकट्याला गादीवर बसवलं. पुढच्याच वर्षी दाझश्यांग इथे पावसात अडकलेल्या 900 सक्तीच्या शिपायांनी चेन शंगच्या नेतृत्वाखाली बंड केलं.

उशीर झाला तर शिक्षा मृत्यूचीच, मग बंडच का करू नये, असं चेन शंग म्हणाल्याची कथा प्रसिद्ध आहे. पण इसवी सन 1975 मध्ये श्वेहूडी इथल्या थडग्यात छिनच्या कायद्याच्या बांबूपट्ट्या सापडल्या. वेठीच्या कामाला तीन ते पाच दिवस उशीर झाला तर नुसता दम, सहा ते दहा दिवसांना एका ढालीचा दंड, त्याहून जास्त झाला तर एका चिलखताचा. पाऊस पडला तर हजेरीच रद्द. सैन्यात जाणाऱ्यांचे नियम याहून कडक असतीलही, पण 'उशीर म्हणजे मरण' हे वाक्य कायद्याचं कलम म्हणून वाचू नका, माणसं गोळा करण्याची घोषणा म्हणून वाचा.

चेन शंगची चूक घाईची होती. पहिलं मोठं शहर हाती आलं आणि तो राजा झाला. लगेच राजा होऊ नका, आधी जुन्या राज्यांचे वारस गादीवर बसवा म्हणजे छिनला शत्रू वाढतील, हा सल्ला त्याने ऐकला नाही. छिनचं सगळं सैन्य त्याच्यावर आलं. सहा महिन्यांत त्याच्याच सारथ्याने त्याला मारलं.

लिउ बांग त्या सुमारास डोंगरात लपला होता. पहिल्या सम्राटाच्या समाधीच्या कामावर कैदी पोचवताना वाटेत बरेच पळाले, तेव्हा उरलेल्यांना त्याने स्वतःच सोडून दिलं होतं. पेईच्या लोकांनी तालुक्याच्या अधिकाऱ्याला मारलं आणि पुढारी शोधू लागले. श्याओ हे आणि त्साओ शन हे तिथले कारकून जास्त लायक होते, पण बंड फसलं तर छिन पुढाऱ्याचं सगळं कुळ मारेल हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी लिउ बांगला पुढे केलं. त्याने घेतलेला किताब 'पेईचा ठाकूर' एवढाच होता, आणि दोन-तीन हजार माणसं होती. राजा हा शब्द पुढची तीन वर्षं त्याच्या नावापुढे नव्हता. त्यामुळे त्याला मारण्याची कुणाला घाई नव्हती.

पहिला फटका लगेच बसला. स्वतःचं गाव फंग ज्याच्या हवाली केलं तो योंग छी गावासकट दुसऱ्या राज्याला मिळाला. लिउ बांगला ते परत घेता आलं नाही. शेवटी त्याने श्यांग यूचा काका श्यांग लियांग याच्याकडून 5,000 शिपाई उसने घेतले; बंडात पुन्हा उभ्या राहिलेल्या छू राज्याचा तो पुढारी होता. सुरुवातीच्या टप्प्यात मोठ्या छत्रीखाली जाण्यात कमीपणा मानू नका. योंग छीचं नाव मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चार माणसं, चार कामं

माणसं निवडताना एकाच गुणाची चार घेऊ नका. लिउ बांगकडे हिशेब आणि पुरवठ्याला श्याओ हे होता, सल्ल्याला झांग लियांग, लढाईला हान शिन, आणि चारचौघांत न बोलण्याजोग्या कामांना चेन पिंग. चेन पिंग लाच घेतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याची शिफारस करणाऱ्याने उत्तर दिलं: मी त्याच्या कर्तबगारीबद्दल बोललो, तुम्ही चारित्र्याबद्दल विचारता आहात. लिउ बांगने चेन पिंगला बढती दिली. याच चेन पिंगने पुढे 40,000 जिन सोनं घेऊन श्यांग यूच्या छावणीत फितुरीच्या अफवा पेरल्या. हान काळातला जिन म्हणजे साधारण 250 ग्रॅम, त्यामुळे आकडा फुगवलेला वाटतो. परिणाम मात्र खरा होता. श्यांग यूचा एकमेव बरा सल्लागार फान झंग संशयाला कंटाळून निघून गेला आणि वाटेतच वारला.

राजधानीत शिरल्यावर काय उचलावं

छूच्या राजाने ठरवून दिलं होतं की ग्वानझोंगमध्ये जो आधी शिरेल तो तिथला राजा. ग्वानझोंग म्हणजे वेई नदीचं खोरं, छिनचं मूळ घर, चहूबाजूंनी खिंडी. श्यांग यू उत्तरेला जूलू इथे छिनच्या मुख्य फौजेशी भिडला. लिउ बांग दक्षिणेकडून वू खिंडीच्या वाटेने गेला.

वाटेतली किल्ली म्हणजे वान हे शहर. ते वळसा घालून मागे सोडायचं चाललं होतं, पण पाठीशी शत्रूची शिबंदी ठेवून खिंडीत शिरणं म्हणजे दोन्हीकडून चेपलं जाणं. त्याने वेढा घातला. मग आतून प्रस्ताव आला: सुभेदाराला जहागीर द्या आणि त्याच जागेवर ठेवा. लिउ बांगने दिली, मध्यस्थालाही एक हजार घरांचं उत्पन्न दिलं. ही बातमी पुढे गेली आणि पश्चिमेकडची शहरं न लढता उघडत गेली. शरण येणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्याला उदारपणे वागवणं हा या अख्ख्या मोहिमेतला सर्वांत स्वस्त खर्च होता. उलट श्यांग यूने शरण आलेले छिनचे दोन लाख शिपाई शिनआनजवळ एका रात्रीत मारले. त्यानंतर ग्वानझोंगमधल्या कुठल्याही घराने त्याला आपलं मानणं शक्य नव्हतं.

छिनचा शेवटचा राजा झयिंग 46 दिवस गादीवर राहून शरण आला. राजधानी श्यानयांगमध्ये शिरल्यावर क्रम असा होता:

1. खजिन्याला आणि महालांना मोहर लावून सैन्य बाहेर बाशांगला न्या. लिउ बांगला महालातच राहायचं होतं. सरदार फान क्वाय आणि झांग लियांग यांनी त्याला बाहेर काढलं.
2. शरण आलेल्या राजाला मारू नका.
3. कायदा तीन कलमांवर आणा: खून केला तर मृत्यू, इजा आणि चोरी यांना गुन्ह्याच्या प्रमाणात शिक्षा. बाकी छिनचे कायदे रद्द. लोकांनी आणलेलं मांस आणि दारूसुद्धा घेऊ नका, कोठारात धान्य आहे म्हणून सांगा.
4. बाकीचे सरदार सोनं आणि कापड लुटत असताना आपल्या कारकुनाला दफ्तरखान्यात पाठवा.

चौथी पायरी श्याओ हेने स्वतःहून केली. छिनच्या महामंत्र्याच्या आणि सचिवाच्या कचेरीतले नकाशे, कायदे आणि खानेसुमारीची दफ्तरं त्याने उचलली. कुठल्या सुभ्यात किती घरं, कुठे खिंडी, कुठे माणूसबळ आहे आणि कुठे नाही, हे त्यानंतर फक्त लिउ बांगच्या बाजूला ठाऊक होतं. थोड्याच दिवसांत श्यांग यूने श्यानयांग जाळलं. आग तीन महिने धुमसत राहिली असं लिहिलं आहे. ती दफ्तरं आत राहिली असती तर कुणाच्याच हाती लागली नसती.

याच टप्प्यावर एक गंभीर चूकही झाली. कुणा हलक्या सल्लागाराचं ऐकून लिउ बांगने श्यांग यूला अडवायला हानगू खिंड बंद केली. त्याच्याकडे एक लाख माणसं, समोर चार लाख. खिंड फुटली, आणि मग होंगमनच्या मेजवानीला शंभरेक स्वारांनिशी जाऊन माफी मागावी लागली. शौचाच्या निमित्ताने उठून तो आडवाटेने छावणीत परतला. मागे झांग लियांगने श्यांग यूला पांढऱ्या जेडच्या चकत्यांची जोडी आणि फान झंगला जेडचे चषक भेट दिले. फान झंगने ते तलवारीने फोडले. ताकद नसताना दार बंद केलं की ते उघडण्याची किंमत दुसरा ठरवतो.

प्रतिस्पर्ध्याची वाटणी तपासा

206 मध्ये श्यांग यूने देश 18 राज्यांत वाटला आणि स्वतः त्या सगळ्यांवरचा अधिराजा झाला. वाटणीत तीन भेगा होत्या. ज्यांनी जमीन लढून मिळवली त्यांना कडेला टाकून आपल्या मर्जीतल्यांना मधली जागा दिली. छी या पूर्वेकडच्या राज्यातल्या त्यान रोंगला काहीच दिलं नाही, तो लगेच उठला. आणि ग्वानझोंग सोडून श्यांग यू स्वतः आपल्या मुलखाजवळ पंगचंगला गेला; श्रीमंती मिळवून घरी गेलो नाही तर रात्रीच्या अंधारात भरजरी कपडे घातल्यासारखं आहे, हे त्याचं कारण. टीका करणाऱ्याला त्याने उकळून मारलं.

लिउ बांगच्या वाट्याला बा, शू आणि हानझोंग आलं. हे डोंगरापलीकडचे, छिनच्या काळात हद्दपारांना पाठवायचे मुलूख होते. राज्याचं 'हान' हे नाव इथून आलं. ग्वानझोंग तीन माजी छिन सेनापतींना दिलं. हे तिघे त्या दोन लाख शिपायांना घेऊन शरण गेले होते, शिपाई मेले आणि हे राजे होऊन परतले, त्यामुळे ग्वानझोंगच्या लोकांना ते डोळ्यांसमोर नको होते.

अशी वाटणी मिळाली तर भांडू नका. डोंगरकड्यांना फळ्या ठोकून केलेला रस्ता आपल्यामागे जाळून टाका. पाठलाग थांबतो, आणि आपण परत येणार नाही असं वरच्याला वाटतं. लिउ बांगने झांग लियांगच्या सल्ल्याने तेच केलं. चार महिन्यांत, आठव्या महिन्यात, तो चेनत्सांगच्या जुन्या वाटेने ग्वानझोंगमध्ये उतरला.

पिछाडी: इथेच घराणं उभं राहतं

लढायांची वर्णनं वाचताना हा भाग वगळला जातो, म्हणून आकड्यांत मांडतो. पुढच्या काळातला, 61 सालचा, हान सेनापती झाओ छोंगग्वोचा एक हिशेब उपलब्ध आहे: 10,281 माणसांना महिन्याला 27,363 हू धान्य. माणशी सुमारे 2.66 हू. एक हू म्हणजे अंदाजे 20 लिटर, म्हणजे महिन्याला माणशी 53 लिटर. एक लाखाची फौज धरली तर महिन्याला 2,66,000 हू. हान काळातली बैलगाडी 25 हू वाहते. म्हणजे दर महिन्याला साडेदहा हजार गाड्या, आणि त्यात बैलांची वैरण व गाडीवानांचं खाणं धरलेलं नाही. लांबच्या पल्ल्यावर गाडीने हे जमत नाही. नदी लागते.

लिउ बांगची जागा या हिशेबात बसत होती. ग्वानझोंगचं धान्य आणि माणसं वेई आणि पीत नदीच्या बाजूने, पाण्याच्या उताराने पूर्वेला आघाडीवर जातात. आघाडी शिंगयांगला, आणि तिथेच नदीकाठी छिनने बांधलेलं आओचं प्रचंड धान्यकोठार. लिउ बांगने कोठारापासून छावणीपर्यंत दोन्ही बाजूंनी भिंती घातलेला रस्ता बांधला. श्यांग यूचं धान्य उलट पंगचंगहून जमिनीवरून यायचं, आणि पंग युए नावाचा माजी दरोडेखोर ते पाठीमागून तोडत राहायचा.

काय बिघडू शकतं तेही सांगायला हवं. भिंतींच्या आतला रस्ता श्यांग यूने वारंवार फोडला आणि छावणी उपाशी पडली. 205 मध्ये खुद्द ग्वानझोंगमध्ये दुष्काळ पडला: एका हूला 10,000 नाणी भाव, माणसं माणसं खाऊ लागली. तेव्हा लोकांना जेवायला शूमध्ये जायची परवानगी दिली गेली. तो कडेचा, कुणाला नको असलेला मुलूख इथे कामाला आला. पुढे एकदा लिउ बांग आओ सोडून मागे हटायला निघाला होता. सल्लागार ली यीजीने त्याला थांबवलं: राजाचं दैवत प्रजा, प्रजेचं दैवत अन्न. श्यांग यूने शिंगयांग जिंकल्यावर आओवर थोडेसे सजा भोगणारे शिपाई ठेवून पूर्वेला कूच केलं होतं. संपूर्ण युद्धात त्याची याहून महाग चूक मला दुसरी दिसत नाही.

कसं हरावं

205 मध्ये लिउ बांग पाच राजांच्या साथीने 5,60,000 माणसं घेऊन पंगचंगमध्ये घुसला. श्यांग यू तेव्हा छीत गुंतला होता. शहर मिळताच रोज मेजवान्या सुरू झाल्या. श्यांग यू 30,000 निवडक माणसं घेऊन परतला आणि एका दिवसात सगळं उधळलं. सुइ नदीचं पाणी प्रेतांनी अडलं असं वर्णन आहे. लिउ बांगचा बाप आणि बायको ल्यू कैद झाली. पळताना रथ हलका करायला त्याने स्वतःची दोन मुलं खाली ढकलली आणि सारथी श्याहोउ यिंगने ती पुन्हा पुन्हा उचलून घेतली.

सैन्य जोडताना दोन गोष्टी चुकल्या होत्या. साथीदार जिंकणाऱ्याच्या मागे आले होते, हरताच पांगले. आणि घोडदळ नव्हतं. दुसऱ्या त्रुटीवरचा उपाय अनुकरणीय आहे. छिनचे जुने स्वार ली बी आणि लुओ ज्या यांना प्रमुख करायचं ठरलं, पण ते म्हणाले, आम्ही छिनचे, शिपाई विश्वास ठेवणार नाहीत, तुमचा माणूस वर द्या. मग वर ग्वान यिंग आणि हाताखाली हे दोघं, अशी जोडणी झाली. तीन वर्षांनी श्यांग यूचा शेवटचा पाठलाग याच ग्वान यिंगने 5,000 स्वारांनिशी केला.

पहिल्या त्रुटीवर श्याओ हेने उपाय केला. दफ्तरात नाव नसलेले, वय न झालेले आणि वय उलटलेले असे सगळे पुरुष त्याने ग्वानझोंगमधून शिंगयांगला पाठवले. पुढची दोन वर्षं हाच क्रम: लिउ बांग फौज गमावतो, श्याओ हे नवी पाठवतो.

शिंगयांग पडणार असं दिसलं तेव्हा रात्री पूर्वेच्या दारातून चिलखतं घातलेल्या 2,000 बायका बाहेर काढल्या, मागून राजाच्या रथात, राजा असल्याचं भासवत, त्याचा सरदार जी शिन. श्यांग यूचे शिपाई तिकडे धावले आणि लिउ बांग पश्चिमेच्या दाराने निसटला. जी शिनला जिवंत जाळलं. ग्वांगवूला लिउ बांगच्या छातीत बाण लागला तेव्हा त्याने पाय धरून 'बदमाशाने माझ्या अंगठ्याला मारलं' असं ओरडून सैन्याला सावरलं, आणि नंतर जखमी अवस्थेत उठून छावणीभर फिरला.

शिक्के द्या, वेळेवर द्या

हान शिनने श्यांग यूबद्दल सांगितलं होतं की तो आजारी माणसासाठी रडतो, स्वतःच्या ताटातलं देतो, पण जहागिरीचा शिक्का कोरून झाला की हातात घोळवत बसतो, कडा झिजल्या तरी देत नाही. लिउ बांग शिवराळ होता, पण शिक्का लगेच द्यायचा.

203 मध्ये हान शिनने छी जिंकून 'तात्पुरता राजा' करण्याची मागणी केली. लिउ बांग वेढ्यात होता, संतापून शिव्या देऊ लागला. झांग लियांग आणि चेन पिंगने त्याचा पाय दाबला. त्याच श्वासात तो वळला: तात्पुरता कशाला, खरा राजा हो! शिक्का घेऊन झांग लियांग स्वतः गेला.

होंग कालव्याचा तह करून बाप-बायको परत मिळवल्यावर लिउ बांगने तह मोडला आणि श्यांग यूच्या मागे लागला. ठरलेल्या जागी हान शिन आणि पंग युए आलेच नाहीत, आणि गूलिंगला पुन्हा मार खाल्ला. झांग लियांगचं निदान: त्यांच्या जमिनीच्या हद्दी अजून लिहून दिलेल्या नाहीत. चेनपासून समुद्रापर्यंत हान शिनला, सुइयांगपासून उत्तरेला गूचंगपर्यंत पंग युएला असं ठरलं, आणि दोघंही फौजा घेऊन निघाले. लांबलचक भाषणापेक्षा एक हद्दीचा कागद बरा.

202 च्या आरंभी गायश्याला हान शिनची तीन लाख माणसं श्यांग यूच्या एक लाखासमोर उभी राहिली. रात्री चारी बाजूंनी छूची गाणी ऐकू आली आणि आपला मुलूख गेला असं श्यांग यूला वाटलं. 800 स्वारांनिशी तो निसटला, हुआय नदीपलीकडे शंभरच उरले, डोंगचंगला 28. वू नदीकाठी त्याने स्वतःचा गळा चिरला. बक्षीस 1,000 जिन सोनं आणि 10,000 घरांचं होतं. देहाचे पाच तुकडे आणणाऱ्या पाच जणांत ते वाटलं गेलं. पण श्यांग कुळाला हात लावला नाही, उलट श्यांग यूचा काका श्यांग बो याला लिउ आडनाव दिलं, आणि श्यांग यूला इतमामाने पुरलं.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. डिंगताओला पोचताच लिउ बांग थेट हान शिनच्या छावणीत घुसला आणि त्याचं सैन्य काढून घेतलं. मगच त्याला छीहून हलवून छूचा राजा केलं. आधी फौज, मग बढती.

गादीवर बसणं

राजांनी विनंती करायची, आपण तीनदा नाकारायचं, मग देशाच्या भल्यासाठी म्हणून स्वीकारायचं. 28 फेब्रुवारी 202 रोजी स नदीच्या उत्तरेला लिउ बांग सम्राट झाला. समारंभ साधा होता, कारण परवडतच नव्हता. सम्राटाच्या रथाला एका रंगाचे चार घोडे मिळत नव्हते आणि मंत्री बैलगाडीतून फिरत होते.

लगेच निघालेले हुकूम पाहा. सैन्य घरी सोडा. ग्वानझोंगमध्ये राहतील त्यांना 12 वर्षं वेठ माफ, परत जातील त्यांना सहा. उपासमारीमुळे स्वतःला विकलेले गुलाम मोकळे. डोंगरात पळालेल्यांनी परत यावं, त्यांना जुनी घरं आणि दर्जे मिळतील. शेतसारा उत्पन्नाचा पंधरावा भाग. जमीन दर्ज्याप्रमाणे: 186 सालच्या कायद्याच्या बांबूपट्ट्या झांगज्याशानला सापडल्या, त्यात सामान्य माणसाला एक छिंग, म्हणजे सुमारे साडेचार हेक्टर, आणि जहागीरदाराच्या खालच्या सर्वोच्च दर्जाला 95 छिंग असं प्रमाण आहे. त्याच पट्ट्या वाचल्या की कळतं, तीन कलमांची घोषणा झाली तरी छिनचा कायदा बराचसा तसाच चालू राहिला होता.

फसलेली गोष्ट म्हणजे नाणी. छिनचं नाणं जड म्हणून लोकांना हलकं नाणं पाडायची मोकळीक दिली. भाव भडकले, घोडा 100 जिनांवर गेला.

जहागिऱ्यांवरून वर्षभर भांडणं चालली. वीसेक मोठ्यांना मिळाल्या, बाकीचे सरदार वाळूत बसून कुजबुजू लागले. झांग लियांग म्हणाला, बंडाची बोलणी चालली आहेत. तुमचा सर्वांत नावडता माणूस कोण, हे सगळ्यांना माहीत असेल तर त्यालाच आधी द्या. तो योंग छी होता. त्याला जहागीर मिळाली आणि बाकीचे निश्चिंत झाले: त्याला मिळाली तर आम्हाला मिळणारच. अव्वल क्रमांक मात्र श्याओ हेला. सत्तर जखमांचा त्साओ शन मागे राहिला. श्याओ हेला इतकं दिल्यामुळे चिडलेल्या सेनापतींना लिउ बांगने सांगितलं की शिकार धरणारे कुत्रे तुम्ही, माग दाखवणारा तो.

राजधानी लुओयांगला ठेवायचं ठरत होतं, कारण दरबारी सगळे पूर्वेचे. लोउ जिंग नावाच्या एका साध्या शिपायाने ग्वानझोंग सुचवलं आणि झांग लियांगने नदीचा तोच हिशेब मांडला: शांतता असेल तर धान्य पाण्यावरून वर येतं, बंड झालं तर फौज उताराने खाली जाते. लिउ बांग त्याच दिवशी निघाला. पुढे 198 मध्ये छी आणि छूची मोठी घराणी, एक लाखाहून जास्त माणसं, ग्वानझोंगला आणून बसवली.

दरबाराची शिस्त शेवटी आली. सरदार पिऊन ओरडत होते, तलवारी खांबांवर मारत होते. शुसुन तोंग नावाच्या पंडिताने लू मुलखातून तीस विद्वान आणले, आपल्या शंभरेक शिष्यांसह गावाबाहेर दोऱ्या बांधून आणि गवताच्या खुणा लावून महिनाभर तालीम केली. 200 मध्ये 'चांगल' नावाचा महाल बांधून झाला तेव्हा नव्या वर्षाच्या दरबारात कुणी आवाज काढला नाही. सम्राट असणं म्हणजे काय ते आज कळलं, असं लिउ बांग म्हणाला आणि त्याने 500 जिन सोनं दिलं.

ज्यांना राजा केलं त्यांचं काय

सुरुवातीला लिउ कुळाबाहेरचे सात राजे होते आणि देशाचा पूर्व अर्धा त्यांच्याकडे होता. सम्राटाच्या थेट हातात पंधरा सुभे. ही राज्यं मोडायला सात वर्षं लागली. हान शिनला शिकारीच्या निमित्ताने बोलावून 201 मध्ये पकडलं आणि 196 मध्ये मारलं, त्याच वर्षी पंग युएलाही. यिंग बू या तिसऱ्या राजाने ते पाहून बंड केलं. मधेच उत्तरेतल्या श्योंगनू या भटक्या टोळ्यांकडे एक राजा फितूर झाला, आणि लिउ बांग 200 च्या हिवाळ्यात त्यांच्या पाठलागावर गेला. सापळा आहे असं सांगणाऱ्या लोउ जिंगला त्याने तुरुंगात टाकलं. थंडीने दहातल्या दोन-तीन शिपायांची बोटं झडली आणि बायदंगला सात दिवस वेढ्यात काढावे लागले. परत येऊन त्याने लोउ जिंगला सोडलं आणि त्याच्याच सल्ल्याने मुली व रेशीम पाठवून तह केला.

रिकाम्या राज्यांवर मुलं-भाऊ-पुतणे बसवले. हा उपाय दोन पिढ्या पुरतो. 154 मध्ये याच लिउ राजांपैकी सात जणांनी बंड केलं. कुळाबाहेरचं फक्त चांगशाचं राज्य उरलं, कारण ते लहान होतं आणि दक्षिणेच्या टोकाला होतं. तिथला वंश 157 मध्ये वारसाविना संपला.

195 मध्ये यिंग बूच्या मोहिमेतल्या बाणाच्या जखमेने लिउ बांग गेला. वारसाचा प्रश्न त्याने अर्धवट सोडला होता. ठरलेल्या वारसाला काढून धाकट्या मुलाला बसवायचं त्याच्या मनात होतं, दरबाराने होऊ दिलं नाही. त्यामुळे पंधरा वर्षं सत्ता राणी ल्यूच्या माहेरच्यांकडे गेली. 180 मध्ये ती वारल्यावर सेनापती झोउ बो आणि चेन पिंगने ल्यू कुळ संपवलं आणि नवा सम्राट निवडायला बसले. छीच्या राजाचं नाव आईच्या माहेरचे लोक दांडगे म्हणून वगळलं गेलं. 'दाई' नावाच्या राज्याचा राजा, लिउ बांगचाच मुलगा लिउ हंग, याची आई बो साधी, तिच्या माहेरचा कुणी डोईजड होणार नव्हता. त्याला बोलावलं गेलं.